‘बाई, तुम्ही फक्त सही करा’ : सांगली-मिरजेच्या विमा मंडळींना खुले पत्र

सांगली, मिरज, तासगाव भागातल्या समस्त विमा एजंट, सल्लागार आणि ब्रोकर मंडळींना,

स. न. वि. वि.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी तोंडओळखीनं ओळखते. पाच-सहा जणांना तर पाढे मीच शिकवलेत. तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर 34 वर्षं काढली आणि 31 मे 2016 ला निवृत्त झाले. जन्मतारीख अर्थातच 1 जून. आमच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला करून टाकला, त्यामुळे विम्याच्या फॉर्मवर वय लिहिताना माझा हात अजून जरा अडखळतो. असो, तो विषय वेगळा.

पत्राला कारण असं की निवृत्तीनंतर आरोग्य विमा घेताना तुमच्या धंद्यातली दोन माणसं माझ्या वाट्याला आली. एकानं मायेपोटी माझं वाटोळं केलं. दुसरी तशी परकी, पण तिनं अवघड प्रश्न विचारून विचारून माझं म्हातारपण थोडं सोपं केलं. दोघांचंही नाव लिहीत नाही. पहिल्याची अब्रू मला काढायची नाही, आणि दुसरीचं नाव छापलं तर ती म्हणेल, काकू, जाहिरात कशाला केलीत?

पहिला माझा विद्यार्थी. शुद्धलेखनात पहिला, गणितात जेमतेम. 2017 साली तो घरी आला. हेल्मेट अजून हातातच. ‘बाई, निवृत्त झालात, आता मेडिक्लेम हवाच,’ म्हणाला, आणि खरंच म्हणाला. नोकरीत असताना वैद्यकीय बिलं सादर करायची, पंचायत समितीत खेटे घालायचे आणि वर्षा-दीड वर्षानं का होईना पैसे मिळायचे. निवृत्त झाल्यावर ते दार आमच्यापुरतं बंद झालं. हे एस.टी.त होते. त्यांचं पेन्शन किती ते विचारू नका, एस.टी.वाल्यांना ठाऊक आहे.

दहा-बारा पानांचा फॉर्म होता, सगळा इंग्रजीत. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हृदयविकार, दमा, शस्त्रक्रिया, एकाखाली एक रकाने. त्यानं वरून खालपर्यंत सगळीकडे ‘नाही’ची खूण केली. ह्यांना 2009 पासून साखर. गोळ्यांची डबी त्याच टेबलावर होती, त्याच्या चहाच्या कपाला टेकलेली. ‘बाई, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो.’ आणि वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही म्हणून पोरांच्या बोटांवर पट्टी मारणाऱ्या या बाईनं सात ठिकाणी सह्या केल्या.

2021 च्या ऑगस्टमध्ये ह्यांच्या छातीत कळ आली. मिरजेला दवाखान्यांची कमी नाही, तासाभरात अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. कॅशलेस मात्र नामंजूर झालं. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, मधुमेह, 12 वर्षं. कंपनीनं चार वर्षांपूर्वीचा फॉर्म काढला, त्यावर ‘नाही’ आणि खाली माझी सही. दावा नाकारला, पॉलिसीही रद्द केली. 2,85,000 रुपये ग्रॅच्युइटीच्या ठेवीतून मोडले.

इथं एक नियम सांगते, कारण तुमच्यातल्याही काही जणांना तो नीट माहीत नाही असं मला दिसलंय. पॉलिसी सलग ठरावीक वर्षं चालली की ‘तुम्ही हे सांगितलं नव्हतं’ एवढ्यावर कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध करावी लागते. तेव्हा ही मुदत 8 वर्षं होती. 2024 पासून ती 5 वर्षं झाली. आमची जेमतेम चार भरली होती.

विद्यार्थी भेटायला आला. चहा घेतला नाही. मान खाली घालून म्हणाला, ‘बाई, साखर लिहिली असती तर मेडिकल लागलं असतं, हप्ता वाढला असता, आणि मग तुम्ही पॉलिसी घेतलीच नसती.’ शेवटचं वाक्य खरं होतं म्हणून ते जास्त लागलं. हप्ता दोन हजारांनी वाढतोय म्हटल्यावर मीच ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणाले असते. पण त्यानं निदान मला ते म्हणू द्यायला हवं होतं.

पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. कंपनीनं तक्रार फेटाळल्यावर वर्षाच्या आत तिथं जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. हे मला 2023 मध्ये कळलं. तिथं आमच्या बाजूनं निकाल लागला असताच असं मी म्हणत नाही, पण तो फॉर्म कुणी भरला हे तरी कागदावर आलं असतं. त्या वर्षभरात तुमच्यापैकी किमान चौघांशी माझं या विषयावर बोलणं झालं होतं. चौघांनीही ‘बाई, आमच्या कंपनीची घ्या’ एवढंच सांगितलं.

पण घ्यायची कशी? ह्यांनी पासष्टी ओलांडली होती, त्यात छातीत स्टेंट. 1 एप्रिल 2024 पासून ती 65 ची अट गेली, पेपरात मोठी बातमी आली. कट्ट्यावर सगळे खूश. मला मात्र लवकरच समजलं की कंपन्यांनी कोणत्याही वयाला पॉलिसी ठेवायची हे खरं, पण आलेल्या प्रत्येकाला ती दिलीच पाहिजे असं त्यात नाही. तब्येत बघून नकार देता येतोच.

तर ही झाली निम्मी गोष्ट. दुसरं माणूस जानेवारी 2025 मध्ये भेटलं.

विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावर अरुंद जिना चढून तिचं ऑफिस. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर परवान्याची फ्रेम. मी पॉलिसीबद्दल विचारलं तर ती म्हणाली, ‘काकू, आज काही नको. उद्या घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. रिकामी पाकिटं असतील तर तीसुद्धा.’ दुसऱ्या दिवशी मी श्रीखंडाचा एक किलोचा डबा भरून नेला. तिनं तो टेबलावर उपडा केला. एकेक पाकीट सरळ करून नाव लिहायची, मग विचारायची, ‘ही कशाची? कधीपासून? कुणी दिली?’ एका गोळीचं उत्तर ह्यांनाही येईना, डॉक्टरांना फोन लावला. माझी थायरॉइडची गोळी निघाली. मी म्हटलं, अगं तो काही आजार नाही, पंचवीस वर्षं घेतेय. तिनं वर न बघता लिहिलं, ‘थायरॉइड, 25 वर्षं.’ पूर्वी कुठली पॉलिसी नाकारली किंवा रद्द झाली आहे का, या प्रश्नाला मी जरा चुळबुळ केली. तिथंही ‘होय’ लिहिलं आणि 2021 चं नकाराचं पत्र जोडलं.

पाऊण तास लागला. मी आयुष्यात इतक्या वह्या तपासल्या, पण माझी वही अशी कुणी तपासली नव्हती.

मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. ‘काका सत्तरीचे झालेत ना? आधी वय वंदना कार्ड काढा. यात मला काही मिळत नाही, पण काकांच्या हृदयाला आज उपयोगी पडेल असं तेवढंच आहे.’ आयुष्मान भारतमध्ये 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना हे कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. वर्षाला 5 लाखांपर्यंत, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, खाजगी विमा असला तरी चालतो. रुग्णालय योजनेत नसेल तर कार्ड खिशातच राहतं, हेही तिनंच सांगितलं. आधार आणि मोबाईल घेऊन बसलो, तिच्याच ऑफिसात कार्ड निघालं. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर तेव्हा बावीस जण यायचे, त्यातले नऊ सत्तरीपुढचे. एकाकडेही हे कार्ड नव्हतं, आणि त्या नऊपैकी सहांना तुम्ही मंडळी दर जानेवारीत कॅलेंडर द्यायला येता.

ह्यांच्यासाठी दोन कंपन्यांनी नकार दिला. तिसरीनं तपासण्या करून 5 लाखांची दिली : प्रत्येक दाव्यातला 20 टक्के वाटा आमचा, आणि जुन्या आजारांना तीन वर्षं थांबायचं. (हे थांबणं पूर्वी चार वर्षांपर्यंत असायचं, आता तीनच्या वर नेता येत नाही.) हप्ता 48,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 8,640. हे म्हणाले, एवढे दरसाल बँकेत टाकले तर? घरी दोन दिवस तोच विषय, एकदा तर ताटावरून उठण्यापर्यंत गेलं. शेवटी घेतली, पडणं-मोडणं आणि तापासारख्या गोष्टींसाठी. बरोबर केलं की नाही याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. पण आकडे समोर ठेवून भांडलो याचं समाधान आहे.

माझी पॉलिसी तिनं वेगळीच ठेवली. फ्लोटर, म्हणजे दोघांची मिळून एकच पॉलिसी घेतली तर हप्ता घरातल्या थोरल्या माणसाच्या वयावर बसतो आणि एकाच्या आजारपणात दोघांचं छत्र संपतं, हे तिनं सांगितल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि मग तिनं ते खोलीभाड्याचं गणित मांडलं. तुम्ही सगळे ते एका वाक्यात उडवता, म्हणून मी इथं सविस्तर मांडते.

एक पॉलिसी स्वस्त होती. पण त्यात खोलीभाड्याला विमा रकमेच्या 1 टक्क्याची मर्यादा. 5 लाखांवर 1 टक्का म्हणजे दिवसाला 5,000. समजा 8,000 ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलो. खोलीचे 40,000, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरे 2 लाख, औषधं आणि स्टेंटसारख्या वस्तू 60,000. बिल 3 लाख. मला वाटायचं, खोलीचा फरक दिवसाला 3,000, म्हणजे पाच दिवसांचे 15,000 पदरचे गेले. तसं नाही! खोली ज्या प्रमाणात महाग, त्याच प्रमाणात सर्जनची फी आणि थिएटरचा खर्चही कापतात. पाच अष्टमांश. 2 लाखांचे मिळाले सव्वा लाख. औषधं आणि वस्तू पूर्ण. सगळं मिळून कंपनी देणार 2,10,000, आणि आपण 90,000. हे त्रैराशिक मी पोरांना फळ्यावर घालून दिलंय, आंबे आणि मजुरांचं. ते माझ्याच अंगावर असं येईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. अशी मर्यादा नसलेली पॉलिसी घेतली, हप्ता वर्षाला साडेचार हजारांनी जास्त पडला.

मी तिला सरळ विचारलं, तुला यात किती सुटतात? तिनं टक्का सांगितला. जी पॉलिसी तिनं सुचवली नव्हती तिच्यात जास्त सुटत होते, तेही सांगितलं. 2023 पासून कमिशनच्या टक्केवारीची जुनी मर्यादा गेली, आता एकूण खर्चाच्या मर्यादेत कंपनी काय द्यायचं ते ठरवते. म्हणजे हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त विचारायला हवा, आणि विचारल्यावर तुम्ही तोंड वाकडं करता कामा नये. वाण्याला तुरीचा भाव विचारला तर तो रागावत नाही.

आणखी एक, तुमच्यात कोण कुणाचा हे आम्हाला सांगत जा. कायद्यानं एजंट कंपनीचा प्रतिनिधी, ब्रोकर ग्राहकाचा. बँकेतला साहेब ठेवीची पावती देता देता पॉलिसी पुढे सरकवतो, तोही कंपन्यांच्याच बाजूचा. यात कमीपणा काही नाही. एजंट चांगला असू शकतो आणि ब्रोकर भामटाही. पण कार्डावर मोठ्या अक्षरात ‘विमा सल्लागार’ छापलं की आम्हा म्हाताऱ्यांना कळायचं कसं की सल्ला नक्की कुणाच्या खिशातून निघालाय?

आमचंही चुकतं, तेही लिहिते, नाहीतर बाई एकांगी म्हणाल. कट्ट्यावर पहिला प्रश्न असतो, ‘पहिल्या हप्त्यातले परत किती देतोस?’ 1938 च्या विमा कायद्याचं कलम 41 यालाच बंदी घालतं, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही, आणि ते फॉर्मवरच छापलेलं असतं. जो दोन हजार परत देऊन गिऱ्हाईक पकडतो तो पुढं डिस्चार्जच्या दिवशी फोन कशाला उचलेल? त्याच्या हिशेबात आपलं काम दोन हजारांतच संपलेलं असतं.

डिस्चार्जच्या दिवसाबद्दल. गेल्या सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला. चार दिवस मिरजेच्या एका रुग्णालयात होते. कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात यायला हवी असा नियम आहे, ती आलीही. घोळ सुटताना झाला. दुपारी साडेचारला डॉक्टर म्हणाले, जा घरी. सलाईनची सुई काढली, हातावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. पिशवी भरून, चपला घालून मी पलंगाच्या कडेला बसले. सात वाजले. खालच्या काउंटरवरचा मुलगा दर वेळी एकच सांगायचा, ‘मेल गेलाय, आजी.’ साडेसातला ह्यांनी तिला फोन केला. आठ वाजता ती स्कूटीवरून आली, डोक्याला स्कार्फ तसाच. काउंटरवर गेली आणि आवाज न चढवता विचारलं, अंतिम बिल कंपनीकडे किती वाजता गेलं? पाचला. मग अंतिम मंजुरीला नियमानं दिलेले तीन तास आठला संपले. त्यापुढे जे काही जादा लागेल ते कंपनीनं सोसायचं, पेशंटच्या बिलात धरायचं नाही. मुलानं आधीच पुढच्या दिवसाचं खोलीभाडं लावून ठेवलं होतं, ते काढलं. नऊ वाजून वीस मिनिटांनी मंजुरी आली. हातमोजे, थर्मामीटर, नोंदणी शुल्क असलं काही पॉलिसीत बसत नाही त्याचे 2,340 आम्ही भरले, आणि ते भरावे लागतील हे तिनं जानेवारीतच सांगितलं होतं.

त्या रात्रीचं तिला कुणी कमिशन दिलं नाही. या जानेवारीत नूतनीकरण मात्र आम्ही तिच्याकडेच केलं, आणि माझ्या दोन मैत्रिणींनीही तोच जिना चढला. ह्यांचा हप्ता 9 टक्क्यांनी वाढला, 52,320 झाला. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामक प्राधिकरणाशी बोलावं लागतं, हा नियम 30 जानेवारी 2025 पासूनचा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे वाढूनही गेल्या सालापेक्षा चार हजारांवर कमी भरले. हे कधी नव्हे ते हसले.

आता तुमच्याकडे मागणं. फॉर्म आमच्यासमोर भरा, आणि आजाराचे प्रश्न मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा. फॉर्मच्या शेवटी एक मजकूर असतो : अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं, असं. त्याखाली सही तुमची असते. ती करताना एकदा तो मजकूर तरी वाचा. पॉलिसीबरोबर माहितीचं एक पत्रक येतं, काय मिळतं, काय नाही, किती थांबायचं. मागितलं तर ते मराठीत द्यायचं असतं. मी मागितलं, आलं, भाषा सरकारी आहे पण कळते. पॉलिसी पसंत नसेल तर हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, हेही पॉलिसी देतानाच सांगा, एकतिसाव्या दिवशी नको.

सहीचा जमाना तसा गेलाच म्हणा. परवा शेजारच्या काकांकडे तुमच्यातला एक जण बसला होता. टॅबवर बोट सरकवत होता आणि माझ्या विद्यार्थ्याचंच वाक्य नव्या कपड्यात ऐकू आलं : ‘काका, तुम्ही फक्त ओटीपी सांगा.’ मी कुंपणावरून विचारलं, साखरेचं लिहिलंस का रे? तो म्हणाला, मावशी, तो प्रश्नच येत नाही. मी गेट उघडून आत गेले, टॅब हातात घेतला. प्रश्न होता. चौथ्या पानावर, आणि खूण आधीच झालेली होती. काकांचा मोबाईल मी दहा मिनिटं माझ्या पदराखाली ठेवला, तेवढ्यात काकू आतून इन्सुलिनचं पेन घेऊन आल्या.

माझी धाकटी बहीण येत्या 31 मे ला निवृत्त होतेय. हो, तिचीही 1 जूनच. तिला पॉलिसी घ्यायची आहे. रक्तदाब आहे, गर्भाशय काढलंय, गुडघे बोलतात. विद्यार्थी अजून याच धंद्यात आहे आणि हे पत्र तो वाचणारच, म्हणून त्यालाही सांगते, तुलाही यायला बंदी नाही. तुमच्यापैकी ज्याला हे काम हवं असेल त्यानं रविवारी सकाळी दहानंतर यावं. गोळ्यांचा डबा टेबलावर असेल, चहा मिळेल, फॉर्म कोरा आणायचा. आणि लाल पेन माझ्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली